पॅरिसच्या मुक्कामाचा पत्ता

युरोपातलं हॉटेल मराठी माणूस युरोपात जाऊन निवडत नाही. ते पुण्यात, नाशकात किंवा डोंबिवलीत, रात्रीची जेवणं आटोपल्यावर लॅपटॉप उघडून ठरवलं जातं, तेही प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीचा पुरावा जोडावा लागतो, म्हणून. २०२४ च्या जूनपासून या व्हिसाचं शुल्क प्रौढांना माणशी ९० युरो झालं आहे. शिवाय किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेची विवरणपत्रं, पगाराच्या पावत्या, रजेचं पत्र. या गठ्ठ्यात हॉटेलचं बुकिंग हा आणखी एक कागद होऊन बसतो. ‘विनाशुल्क रद्द करता येईल’ असं जिथे लिहिलेलं दिसेल तिथे बोट दाबायचं आणि मोकळं व्हायचं. पुढे व्हिसा हातात पडतो, सुट्टी तोंडावर येते आणि घाईत केलेलं तेच बुकिंग कायम राहतं. विमानाच्या तिकिटात दोन हजार रुपये वाचावेत म्हणून आठवडाभर संकेतस्थळं धुंडाळणारी माणसं मुक्कामाच्या बाबतीत इतकी उदार कशी होतात, हे कोडंच आहे.

पॅरिसपुरतं बोलायचं तर ही उदारता महागात पडते. आणि मराठी पर्यटकांच्या युरोप-यादीत पॅरिस जवळजवळ हमखास असतं, त्यामुळे उदाहरण म्हणून तेच घेणं सोयीचं. इथे मांडायचं मत अगदी साधं आहे. पॅरिसमध्ये हॉटेल लहान घ्यावं, जुनं घ्यावं, दोन किंवा तीन ताऱ्यांचं घ्यावं, पण शहराच्या आत घ्यावं. त्यासाठी एखादी रात्र कमी करावी लागली तर करावी. शहराबाहेरचं ऐसपैस, चकचकीत आणि स्वस्त हॉटेल हा मात्र बहुतेक वेळा तोट्याचा सौदा असतो.

शहराच्या आत म्हणजे कुठे, हे पॅरिसमध्ये ओळखणं इतर राजधान्यांपेक्षा सोपं आहे. पॅरिस महापालिकेचं क्षेत्रफळ अवघं १०५ चौरस किलोमीटर आहे. मुंबई किंवा पुण्याच्या हद्दीच्या मानाने कितीतरी लहान. १८६० मध्ये आसपासची गावं शहराला जोडली गेली आणि तेव्हापासून शहराचे २० विभाग आहेत. त्यांना आरोंदिस्मां म्हणतात. पहिला विभाग लूव्र संग्रहालयाच्या परिसरात, आणि तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, गोगलगाईच्या शंखासारखे वळसे घेत बाकीचे. विभागाचा क्रमांक थेट पिनकोडात येतो : ७५००१ म्हणजे पहिला, ७५०१० म्हणजे दहावा, ७५०२० म्हणजे विसावा. (सोळाव्याच्या उत्तर भागाला तेवढा ७५११६ हा वेगळा कोड आहे.) या सगळ्याला वेढून ‘पेरिफेरिक’ नावाचा ३५ किलोमीटरचा वर्तुळाकार महामार्ग जातो, तो १९७३ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या पलीकडे ९२, ९३, ९४ ने सुरू होणारे पिनकोड लागतात. ७७ किंवा ९५ दिसला तर आपण आणखी दूर गेलो असं समजावं. डिस्नेलँड ७७ मध्ये येतं, शार्ल द गोल विमानतळाजवळचं रुआसी गाव ९५ मध्ये.

हॉटेलच्या नावात ‘पॅरिस’ असणं हा कशाचाच पुरावा नाही. रुआसीतल्या हॉटेलांच्या पाट्यांवरही पॅरिस हा शब्द असतो. पिनकोड मात्र खोटं बोलत नाही. संकेतस्थळावर तारे, फोटो, नाश्ता, गुणांकन यांच्याआधी तो पाहावा.

शहराबाहेर राहण्याच्या बाजूने एक मुद्दा मात्र २०२५ मध्ये नव्याने तयार झाला आहे, तो दडवून ठेवणं बरं नाही. पूर्वी पॅरिसच्या परिसरात जितकं लांब जाल तितकं लोकलचं तिकीट महाग असे. १ जानेवारी २०२५ पासून मेट्रो, उपनगरी गाड्या आणि आरईआर या जलद लोकल, या सगळ्यांना संपूर्ण प्रदेशात एकच तिकीट झालं, तेव्हा २.५० युरोंचं. विमानतळाचं तिकीट तेवढं वेगळं, तेव्हा १३ युरोंचं. म्हणजे डिस्नेलँडजवळ राहणाऱ्याला आणि आयफेल टॉवरजवळ राहणाऱ्याला एका फेरीचे पैसे तेवढेच पडू लागले. पैशाचा प्रश्न सौम्य झाला, यात वाद नाही.

वेळेचा झाला नाही. समजा, हॉटेल रुआसीत आहे. सकाळी हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या बसची वाट पाहायची, स्थानकावर पोचायचं, आरईआरच्या ‘बी’ मार्गाने अर्ध्या तासाच्या आसपास प्रवास करून शहराच्या मध्यावरचं शातले स्थानक गाठायचं, तिथल्या भुयारांत वाट काढत मेट्रो बदलायची. लूव्रच्या दारात उभं राहीपर्यंत एक तास सहज उलटतो. परतीला तेवढाच. चार दिवसांच्या मुक्कामात आठ तास झाले. लूव्र नऊ वाजता उघडतं आणि एरवी सहाला मिटतं, म्हणजे संग्रहालयाचा जवळजवळ एक पूर्ण दिवस गाडीच्या खिडकीत गेला.

त्यात मराठी कुटुंबं जातात कधी, हेही लक्षात घ्यायला हवं. शाळांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये, फार तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. मेच्या मध्यापासून पॅरिसमध्ये सूर्य मावळायलाच रात्रीचे साडेनऊ, जूनमध्ये जवळजवळ दहा वाजतात. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला आयफेल टॉवर पाच मिनिटं लखलखतो. ते पाहण्यासाठीच तर पोरांना इतक्या लांब आणलेलं असतं. पण साडेदहा-अकराला टॉवरखालून निघून, दमलेली मुलं आणि गुडघे धरलेले आजी-आजोबा यांना घेऊन शहराबाहेरचं हॉटेल गाठायचं म्हणजे मध्यरात्र होते. शहरात राहणाऱ्याला मेट्रो आठवड्यात रात्री सव्वाएकपर्यंत आणि शुक्रवारी-शनिवारी सव्वादोनपर्यंत मिळते, आणि स्थानकापासून हॉटेल चालत पाच मिनिटांवर असतं. लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, ऑर्से संग्रहालय गुरुवारी पावणेदहापर्यंत. ही उशिराची, कमी गर्दीची वेळ प्रत्यक्षात मिळते ती जवळ राहणाऱ्यालाच. दुपारी खोलीवर येऊन तासभर पाठ टेकण्याची चैनही त्यालाच परवडते. साठी ओलांडलेल्या माणसाबरोबर फिरणाऱ्यांना या चैनीची किंमत वेगळी सांगायला नको.

याला एक अपवाद आहे, आणि तो चांगला आहे. मेट्रोचा १४ क्रमांकाचा मार्ग २०२४ च्या जूनमध्ये दक्षिणेला ओर्ली विमानतळापर्यंत आणि उत्तरेला सां-दनी प्लेएलपर्यंत वाढला. चालक नसलेल्या या गाड्या वेगवान आहेत, आणि हा मार्ग संपूर्णपणे लिफ्टने वापरता येतो. या मार्गाच्या स्थानकाला लागून, पेरिफेरिकच्या जरा बाहेर हॉटेल मिळत असेल तर पिनकोड ९३ चा असला तरी हरकत नसावी. नियम डोळे मिटून पाळण्यासाठी नसतो.

लिफ्टचा विषय निघालाच आहे. पॅरिसच्या मेट्रोचा पहिला मार्ग १९ जुलै १९०० रोजी सुरू झाला, आणि बहुतेक स्थानकं त्या किंवा त्यानंतरच्या काही दशकांतली आहेत. जिने, पुन्हा जिने, मध्येच अरुंद फिरते दरवाजे. २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन तिथे उतरणं म्हणजे सहलीच्या पहिल्याच दिवशी कंबरदुखीला हाक देणं. चार मोठी माणसं असतील तर हिशेबही मेट्रोच्या बाजूने लागत नाही. शार्ल द गोल विमानतळावरून २०२५ च्या १३ युरोंच्या दराने चौघांची तिकिटं ५२ युरोंची होत. अधिकृत टॅक्सीचे दर सरकारने बांधून दिलेले आहेत : २०२५ मध्ये सेन नदीच्या उजव्या तीरावर कुठेही ५६ युरो, डाव्या तीरावर ६५. चौघांसाठी, सामानासह, हॉटेलच्या दारापर्यंत. हॉटेल नदीच्या कोणत्या तीराला आहे यावर नऊ युरो ठरतात, आणि ते पॅरिसच्या आत आहे की नाही यावर हा बांधलेला दर लागू होतो की मीटर पडतो हे ठरतं.

आता शहराच्या आत नेमकं कुठे? इथे पर्यटक हटकून एक चूक करतात. आयफेल टॉवर नकाशावर शोधायचा आणि त्याच्या जवळात जवळचं हॉटेल घ्यायचं. सातवा विभाग देखणा आहे, पण तो मंत्रालयांचा, दूतावासांचा आणि श्रीमंत रहिवाशांचा भाग. खोल्या महाग, आणि संध्याकाळी आठनंतर कित्येक रस्ते शांत. टॉवर खोलीच्या खिडकीतून दिसावा म्हणून जादा पैसे मोजणं तर निव्वळ हौस. टॉवर शहरातल्या कितीतरी पुलांवरून आणि चौकांतून फुकट दिसतो.

त्यापेक्षा पुढचा प्रवास कुठे आहे ते आधी पाहावं. मराठी कुटुंबाचा नेहमीचा बेत असतो पॅरिस, डिस्नेलँड, मग स्वित्झर्लंड. असं असेल तर बाराव्या विभागातल्या गार द लियों स्थानकाच्या परिसराला तोड नाही. झुरिक आणि जिनिव्हाच्या वेगवान गाड्या तिथूनच सुटतात. डिस्नेलँडला नेणारी आरईआरची ‘ए’ गाडी तिथेच. मेट्रोचा १ क्रमांक तिथून लूव्र आणि शाँझेलिझेला थेट नेतो, आणि लिफ्टवाला १४ क्रमांकही तिथेच थांबतो. परिसर पोस्टकार्डावर छापण्याजोगा नाही, पण दर मध्य पॅरिसपेक्षा उतरलेले असतात आणि निघायच्या दिवशी सकाळी बॅगा ओढत चालत गेलं की गाडी. मराठी पर्यटकांच्या चर्चेत हा भाग फारसा ऐकू येत नाही, याचं नवल वाटतं.

लंडन, ब्रसेल्स किंवा ॲमस्टरडॅमहून येणार असाल तर गाडी गार द्यू नोरला येते. हे युरोपातल्या सर्वाधिक वर्दळीच्या स्थानकांपैकी एक, आणि प्रवास-पुस्तकांत बदनाम. ‘तिथे राहू नका’ हा सल्ला इंग्रजी पुस्तकांतून मराठी व्हॉट्सॲप गटांपर्यंत जसाच्या तसा आला आहे. खिसेकापू तिथे आहेत, हे खरं. ते आयफेल टॉवरखाली आणि १ क्रमांकाच्या मेट्रोतही आहेत. पाकीट पुढच्या खिशात आणि फोन हातात घट्ट, एवढी काळजी पॅरिसमध्ये कुठेही घ्यावीच लागते. स्थानकाच्या अगदी दारातली हॉटेलं टाळून दहा मिनिटं आग्नेयेला कालव्याच्या दिशेने सरकलं की दहाव्या विभागाचा चेहरा बदलतो. सां-मार्तां कालवा खोदण्याचा निर्णय नेपोलियनने शहराला पाणी मिळावं म्हणून घेतला आणि कालवा १८२५ मध्ये खुला झाला. आज त्याच्या काठावर लोखंडी पादचारी पूल, झाडं, बेकऱ्या आणि संध्याकाळी पाय सोडून बसलेले तरुण पॅरिसकर.

आणि शाकाहारी मराठी माणसाला तर या भागाइतका आधार दुसरा नाही. गार द्यू नोर आणि ला शापेल यांच्या दरम्यान श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांची पेठ आहे. १९८३ नंतरच्या यादवीतून निसटून ते फ्रान्सला आले आणि फोबूर सां-दनी रस्त्यावर दुकानं थाटली. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, तांदूळ, इडली-डोशाची उपाहारगृहं, सोन्याची दुकानं, साड्या. जवळच पासाज ब्राडी हा १८२८ चा छपराखालचा बोळ आहे, त्यात भारतीय आणि पाकिस्तानी खाणावळी. अठराव्या विभागातल्या रू पाजोल रस्त्यावर श्री माणिक्क विनायगर आलयम हे गणपतीचं मंदिर आहे. १९८५ मध्ये ते स्थापन झालं आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून गणेशोत्सवाच्या सुमारास त्याची रथयात्रा पॅरिसच्या रस्त्यांवरून निघते. रस्त्यावर पाणी शिंपडतात, नारळांचे ढीग रचून फोडतात, फ्रेंच पोलीस वाहतूक अडवून उभे राहतात. ऑगस्ट-सप्टेंबरात पॅरिसला असणाऱ्या मुंबई-पुणेकराने हा रविवार चुकवू नये. मोदक मिळेलच असं नाही, पण बाप्पा भेटतो.

बाकी विभागांबद्दल थोडक्यात. पाचवा, म्हणजे लॅटिन क्वार्टर, विद्यार्थ्यांचा आणि पुस्तकांच्या दुकानांचा. चालत नोत्र दाम, आणि ते कॅथेड्रल २०१९ च्या आगीनंतर २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा खुलं झालं आहे. तिसरा-चौथा, मारे, मध्यवर्ती आणि महाग. तेरावा, चौदावा, पंधरावा हे राहत्या पॅरिसकरांचे विभाग, तिथे दर बरे असतात आणि मेट्रोने मध्यावर यायला साधारण वीस मिनिटं लागतात. मोंमार्त्र टेकडीवर आहे. तिथे फिरायला जावं, पण बरोबर वडीलधारी असतील तर राहू नये.

जागा ठरली की खोली. आणि इथे मराठी माणसाचा सर्वांत मोठा भ्रमनिरास होतो. फ्रान्समध्ये हॉटेलांना तारे देण्याची सरकारमान्य पद्धत आहे. दोनशेहून अधिक निकष तपासतात, आणि दर पाच वर्षांनी तारे पुन्हा मिळवावे लागतात. पण निकष मोजता येणाऱ्या गोष्टींचे : क्षेत्रफळ, उपकरणं, स्वागतकक्षाची वेळ, कर्मचाऱ्यांना येणाऱ्या भाषा. दोघांच्या खोलीचं किमान क्षेत्रफळ दोन ताऱ्यांसाठी न्हाणीघर वगळून ९ चौरस मीटर, तीन ताऱ्यांसाठी न्हाणीघर धरून साडेतेरा. साडेतेरा चौरस मीटर म्हणजे १४५ चौरस फूट. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची होती. म्हणजे पॅरिसचं तीन ताऱ्यांचं हॉटेल कायद्याने बीडीडीच्या खोलीपेक्षाही लहान खोली देऊ शकतं, आणि देतंही. चाळीत निदान गॅलरी होती.

यात फसवणूक काही नाही. या इमारती एकोणिसाव्या शतकातल्या, बऱ्याचशा बॅरन ओसमानने १८५३ नंतर शहराची फेरबांधणी केली त्या काळच्या. राहत्या घरांची किंवा जुन्या खानावळींची हॉटेलं झाली. जिन्याच्या मधल्या पोकळीत नंतर लिफ्ट बसवली, म्हणून तिच्यात दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग मावते. कधी ती पहिल्या मजल्यापासून सुरू होते, कधी नसतेच. म्हणून फोटोंतल्या पडद्यांच्या रंगापेक्षा चार गोष्टी विचाराव्यात. लिफ्ट आहे का, आणि ती रस्त्याच्या पातळीपासून आहे का? खोलीचं क्षेत्रफळ किती? पलंग किती रुंद? (फ्रान्समध्ये डबल बेड म्हणजे अनेकदा १४० सेंटिमीटर, साडेचार फुटांहून किंचित जास्त. आपल्याकडच्या सहा फुटी पलंगाची सवय असलेल्या जोडप्याने दोन स्वतंत्र पलंगांची खोली मागावी.) आणि एसी आहे का?

शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, कारण युरोप म्हणजे थंडी हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. २५ जुलै २०१९ रोजी पॅरिसमध्ये ४२.६ अंश तापमान नोंदलं गेलं. शहराची ती प्रसिद्ध करडी छपरं जस्ताच्या पत्र्याची आहेत. ती घालणाऱ्या कारागिरांच्या कसबाला युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. वारसा थोर, पण त्या पत्र्याखालची सहाव्या मजल्यावरची खोली जून-जुलैत कशी तापत असेल याची कल्पना पत्र्याच्या घरात उन्हाळा काढलेल्याला देण्याची गरज नाही. साध्या हॉटेलांत एसी असतोच असं नाही. छताला पंखा तर शोधूनही सापडत नाही.

खाण्याचं म्हणाल तर हॉटेलचा नाश्ता सोडून द्यावा, त्याचे वेगळे पैसे बहुधा फार असतात आणि शाकाहाऱ्याच्या वाट्याला पाव, लोणी, जॅम आणि चीज एवढंच येतं. तेच कोपऱ्यावरच्या बेकरीत ताजं आणि निम्म्याहून कमी दरात मिळतं. पण पिशवीतले तयार पोहे-उपमा आणि चहाची पूड यांच्यावर भिस्त असेल तर खोलीत किटली आहे का हे आधी विचारावं. फ्रेंच हॉटेलांत ती गृहीत धरता येत नाही. आणि हो, प्लास्टिकचा एक मग सामानात टाकावा. फ्रेंच न्हाणीघरात सगळं असतं, आपल्याला लागतं तेवढं नसतं.

चौघांच्या कुटुंबाला दोन खोल्या घ्याव्या लागतात, कारण चार माणसांच्या खोल्या थोड्या. मग भाड्याच्या सदनिकेचा मोह होतो : स्वयंपाकघर, धुण्याचं यंत्र, हवेशीर दिवाणखाना. मोह समजण्याजोगा आहे. पण पॅरिसमध्ये भाड्याने राहायला घर मिळणं स्थानिकांना किती कठीण झालं आहे, आणि त्याचा राग पर्यटकांच्या सदनिकांवर कसा निघतो आहे, हे माहीत असून डोळेझाक करणं योग्य नाही. स्वतःचं राहतं घर पर्यटकांना देण्याची मर्यादा वर्षाला १२० रात्रींची होती. २०२४ च्या अखेरीस झालेल्या नव्या कायद्यानंतर पॅरिस महापालिकेने ती २०२५ पासून ९० वर आणली. जाहिरातीत महापालिकेचा नोंदणी क्रमांक असणं बंधनकारक आहे, आणि तो नसेल तर ते घर घेऊ नये, कितीही सुंदर असलं तरी. बार्सिलोनाने तर २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांच्या सगळ्या, म्हणजे दहा हजारांहून अधिक, सदनिकांचे परवाने संपवण्याचं जाहीर केलं आहे. स्वयंपाकघर हवंच असेल तर अपार्ट-हॉटेल घ्यावं. ते हॉटेल म्हणूनच नोंदलेलं असतं, खोलीत दोन शेगड्या आणि फ्रीज असतो, खिचडीचा प्रश्न मिटतो, आणि कुणाच्या राहत्या घरावर आपला भार पडत नाही.

दरामध्ये मुक्काम-कर धरलेला आहे का, तेही पाहावं. ऑलिंपिकच्या वर्षी, २०२४ मध्ये, पॅरिसने तो दणकून वाढवला. तीन ताऱ्यांना माणशी रात्रीला ५.२० युरो, चार ताऱ्यांना ८.१३. अठरा वर्षांखालील मुलांना माफ. म्हणजे त्या दराने आई-वडील आणि दोन मुलं यांना तीन ताऱ्यांत चार रात्रींचे ४१.६० युरो, रुपयांत चार हजारांच्या आसपास. संकेतस्थळावरच्या आकड्यात ते अनेकदा नसतात आणि निघताना काउंटरवर मागितले जातात. हॉटेलवाला लुबाडतोय असं वाटून हुज्जत घालणारे भारतीय पर्यटक तिथल्या कर्मचाऱ्यांच्या सवयीचे झाले असावेत.

स्वस्ताईला एक आतली बाजूही आहे. २०१९ च्या जुलैत पॅरिसच्या सतराव्या विभागातल्या ईबीस बातिन्योल या हॉटेलच्या सफाई कामगार स्त्रिया संपावर गेल्या. बहुतेक आफ्रिकेतून स्थलांतरित झालेल्या, कंत्राटदारामार्फत नेमलेल्या. तासाला ठरावीक खोल्या उरकण्याची सक्ती आणि तुटपुंजा मोबदला, ही त्यांची तक्रार. तो संप बावीस महिन्यांच्या लढ्यानंतर २०२१ च्या मेमध्ये कामगारांच्या बाजूने मिटला. त्यांच्या नेत्यांपैकी एक, राशेल केके, २०२२ मध्ये फ्रान्सच्या संसदेत निवडून गेल्या. खोलीची चादर रोज बदलून मिळावी असा हट्ट धरण्यापूर्वी एवढं आठवलं तरी पुरे.

ग्रुप टूरने जाणाऱ्यांना वाटेल की हे सगळं त्यांच्यासाठी नाही. उलट ते त्यांच्यासाठी जास्त आहे. स्वतंत्र जाणारा निदान नकाशा पाहू शकतो. टूरच्या माहितीपत्रकात मात्र ‘पॅरिसमध्ये तीन/चार तारांकित हॉटेलात मुक्काम, किंवा तत्सम’ एवढंच लिहिलेलं असतं. त्या ‘तत्सम’मध्ये पेरिफेरिकच्या पलीकडचं अख्खं जग मावतं. कंपन्यांचीही अडचण आहे. चाळीस-पन्नास माणसांची बस मध्य पॅरिसच्या गल्लीत थांबत नाही, एकाच वेळी वीस-पंचवीस खोल्या देणारी जुनी हॉटेलं थोडी, आणि भारतीय जेवण वेळेवर पोचवायचं असतं. बसने फिरून येणाऱ्याला, रात्री हॉटेलवरून बाहेर पडायचंच नसेल, तर बाहेरचा मुक्काम चालूनही जातो. त्याबद्दल कंपनीला दोष देण्याचं कारण नाही. पण पैसे भरण्याआधी ग्राहकाला ते कळायला हवं.

तेव्हा महाराष्ट्रातल्या पर्यटन कंपन्यांकडे एक मागणी करायला हवी. माहितीपत्रकात प्रत्येक शहरातल्या हॉटेलचा, आणि तो पक्का नसेल तर संभाव्य दोन-तीन हॉटेलांचा, पिनकोड छापावा, आणि तिथून शहराच्या मध्यावर सार्वजनिक वाहनाने किती वेळ लागतो तेही लिहावं. त्यासाठी ना नवा कायदा लागतो ना जादा खर्च. आणि कंपनीने छापला नाही, तर आगाऊ रकमेचा धनादेश लिहिण्याआधी वाचकांनी तो काउंटरवर मागावा.